जुनी गाडी आणि अपुरे ज्ञान : पहिल्या मोटारीच्या खरेदीचा एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

सूक्ष्म अर्थशास्त्रात 'पूर्ण स्पर्धा' हे प्रकरण शिकताना बाजारपेठेची काही गृहीतके आपण पाठ करतो. विक्रेते पुष्कळ, ग्राहक पुष्कळ, वस्तू एकजिनसी, आणि ग्राहक व विक्रेता या दोघांनाही बाजारपेठेचे पूर्ण ज्ञान. यांपैकी शेवटचे गृहीतक आपण परीक्षेत एका ओळीत लिहितो, त्याचा गुण मिळवितो आणि पुढे जातो. या गृहीतकाचा भर दिवसा पराभव होतो अशी एक बाजारपेठ मात्र आपल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. ती जुन्या मोटारींची. येथे वस्तू एकजिनसी नसते. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन गाड्या दहा वर्षांनंतर एकमेकींच्या ओळखीच्याही राहत नाहीत. आणि ज्ञानाचे म्हणाल तर ते बहुतेक सगळे विक्रेत्याच्या बाजूला असते.

हा विषय निवडण्यास व्यावहारिक कारण आहे. पदवी हाती पडल्यावर वर्ष-दोन वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न उभा राहणार आहे. कोणाच्या नोकरीचे ठिकाण एस.टी.च्या रस्त्यापासून आत असेल, कोणाच्या आईला दर महिन्याला दवाखान्यात न्यावयाचे असेल, कोणी स्वतःचा छोटा व्यवसाय मांडणार असेल. दुचाकीवर चौघे बसत नाहीत आणि नवी गाडी परवडत नाही. मग जुनी छोटी गाडी घेण्याचे ठरते. तिच्यासाठी लागणारे दीड-दोन लाख रुपये बहुधा कोणाच्या तरी शिलकीतून उभे राहतात : वडिलांची मुदत ठेव, आईची भिशी, स्वतःचा वर्षभराचा पगार. एवढी रक्कम, जिच्याविषयी आपणांस जवळजवळ काहीच ठाऊक नाही अशा वस्तूवर खर्च करण्याचा हा बहुतेकांचा पहिलाच प्रसंग असतो. अमुक एका कंपनीची गाडी घ्या, असे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. जुनी गाडी घेताना आपण लोखंडापेक्षाही तिच्या भूतकाळाविषयीची माहिती विकत घेत असतो, आणि ती माहिती मिळविण्याचे काही मार्ग आहेत, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

छोट्या गाडीची कुळकथा

जिला स्वतंत्र, बाहेर आलेली डिकी नाही आणि जिचा मागचा दरवाजा काचेसकट वर उचलला जातो ती हॅचबॅक. आपल्याकडे या गाडीचा खरा प्रसार मारुती ८०० पासून झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली देण्यात आली. तोपर्यंत मध्यमवर्गाने पाहिलेल्या गाड्या म्हणजे मुख्यतः अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. त्यांच्यासमोर ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन असलेली ही चिमुकली गाडी खेळण्यासारखी वाटली असेल. पण तिने तीस वर्षे राज्य केले आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. १९९८ मध्ये सँट्रो आणि आपल्या पुण्याजवळची इंडिका आली, पुढे वॅगन-आर, अल्टो, स्विफ्ट, आय-टेन अशी रांगच लागली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. आपल्या रस्त्यांवर इतक्या आखूड गाड्या का, याचे उत्तर आवडीनिवडीत जेवढे आहे तेवढेच करपद्धतीतही आहे.

या सगळ्या पिढ्यांतील गाड्या आज जुन्या बाजारात आहेत. मात्र कुळकथेचा मोह पहिली गाडी घेताना टाळावा. मारुती ८०० चे कौतुक घरोघरी आहे, परंतु तिची सर्वांत धाकटी गाडीही आता दहा वर्षांपलीकडची आहे, आणि खासगी मोटारीची मूळ नोंदणी पंधरा वर्षांचीच असते. त्यानंतर गाडी तपासणीस नेऊन पाच-पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते तेव्हा त्या स्वस्ताईत हा खर्च आधीच धरलेला असतो. विक्रेत्याने तो आपल्या अंगावर ढकललेला असतो इतकेच.

लिंबांचा बाजार

१९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. म्हणून निबंधाचे नाव 'लिंबांचा बाजार'. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ साली अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता.

निबंधातील विचार आपल्या रुपयांत मांडून पाहू. समजा, एका गावात एकाच सालच्या, एकाच जातीच्या दहा गाड्या विकावयाच्या आहेत. पाच उत्तम आहेत आणि पाच आतून खिळखिळ्या. उत्तम गाडी तीन लाखांना घेण्यास ग्राहक तयार आहे. तिचा मालक दोन लाख साठ हजारांच्या खाली उतरणार नाही. खिळखिळ्या गाडीला ग्राहक एक लाख चाळीस हजार देईल. आता ग्राहकाला बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मग तो शहाणा माणूस सरासरी काढतो : दोन लाख वीस हजार. या किंमतीला चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, 'नको, माझी गाडी घरीच राहू दे.' तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या खिळखिळ्या पाच. ग्राहकाने कोणतीही चूक केलेली नाही, चांगल्या मालकाने लबाडी केलेली नाही, आणि तरीही दोघांच्याही फायद्याचा व्यवहार झाला नाही. ज्ञानाच्या विषमतेमुळे वाईट वस्तू चांगल्या वस्तूला हुसकावून लावते ती अशी.

यातून दोन निष्कर्ष निघतात असे मला वाटते. पहिला, बाजारभावापेक्षा पुष्कळच स्वस्त मिळणारी गाडी हे नशीब नसून बहुधा माहिती असते; ती माहिती फक्त आपल्या हाती लागलेली नसते. दुसरा, चांगल्या गाडीचा मालकही अडचणीत असतो. आपली गाडी चांगली आहे हे सिद्ध करण्यास तो उत्सुक असतो. म्हणून मेस्त्रीला घेऊन येतो, सकाळी इंजिन थंड असताना पाहतो, जुनी बिले दाखवा, असे म्हटल्यावर जो विक्रेता आनंदाने होकार देतो त्याच्या होकारालाच किंमत आहे. जो 'आज टोकन दिले नाही तर गाडी जाईल' म्हणून घाई करतो, त्याची गाडी जाऊ द्यावी.

ज्ञानाची ही दरी बुजविण्यासाठी बाजारात काही संस्था उभ्या राहिल्या. मारुती कंपनीने २००१ साली 'ट्रू व्हॅल्यू' या नावाने जुन्या गाड्यांची विक्री सुरू केली. आता अनेक कंपन्या तपासलेली गाडी हमीसह विकतात. तेथे गाडी थोडी महाग पडते. ते जादा पैसे हमीचे असतात, शिवाय व्यापाऱ्याला आपल्या नफ्यावर वस्तू व सेवा कर भरावा लागतो. छोट्या गाड्यांसाठी तो २०२५ च्या जानेवारीत १२ वरून १८ टक्के झाला. दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीवर तो नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किंमती उतरल्या. जुन्या गाडीचा विक्रेता 'नवी केवढ्याला आहे बघा' म्हणतो तेव्हा तो कोणत्या सालची किंमत सांगतो आहे हे जरूर बघावे.

जाहिरातींची भाषा

मराठीच्या विद्यार्थ्यांनी जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचा स्वतंत्र अभ्यास करावा, इतकी ही भाषा रसाळ आहे. 'सिंगल हँड', 'डॉक्टरांची गाडी', 'नॉन-ॲक्सिडेंट', 'एसी चिल्ड', 'शोरूम कंडिशन', 'फक्त ३५ हजार रनिंग' आणि या सर्वांवर कळस म्हणजे 'एक रुपयाचं काम नाही'.

'सिंगल हँड' म्हणजे कागदोपत्री एकच मालक. चालविणारे हात किती होते ते नोंदणीपुस्तकात लिहिलेले नसते. 'डॉक्टरांची गाडी' या शब्दांत समाजाची डॉक्टरांविषयीची श्रद्धा दिसते : माणूस सुशिक्षित, पैशाची चणचण नाही, गाडी वेळेवर कारखान्यात जात असणार. परंतु घर ते दवाखाना अशी दीड किलोमीटरची फेरी दिवसातून चार वेळा करणारी गाडी इंजिनाच्या दृष्टीने सुखी नसते. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते, तेलात ओल साचते, बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही. हमरस्त्यावर ऐंशी हजार किलोमीटर धावलेली गाडी पुष्कळदा अशा तीस हजारवाल्या गाडीपेक्षा निकोप निघते.

किलोमीटरचा आकडा हा तर या वाङ्मयातील सर्वांत ललित भाग. मीटर मागे फिरविता येतो, आकडेदर्शक असला तरी येतो. म्हणून त्याच्यावर विसंबू नये. ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर, सुकाणूचक्राची गुळगुळीत झालेली कड, चालकाच्या आसनाचा दबलेला कोपरा आणि गियरच्या दांड्यावरचे पुसलेले आकडे यांना विचारावे. मीटर तीस हजार म्हणत असेल आणि पायपट्टीचे रबर झिजून लोखंड दिसत असेल तर दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा हे सांगावयास नको. अधिकृत कारखान्यातील देखभालीच्या नोंदींत प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. मालकाच्या संमतीने त्या पाहता येतात.

'एक रुपयाचं काम नाही' हे वाक्य मात्र खरेच असते. काम एक रुपयाचे कधीच नसते.

गाडी वाचावी कशी

गाडी पाहण्यास सकाळी जावे आणि आदल्या रात्रीपासून ती सुरू केलेली नसावी. बॉनेटवर हात ठेवून ते थंड आहे याची खात्री करावी, कारण तापलेले इंजिन आपले बरेचसे दोष झाकते. सुरू करताना दुसऱ्याने मागे उभे राहून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिनात तेल जळते आहे, आणि त्याचा इलाज खर्चिक आहे. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येणे स्वाभाविक. पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंटचे पाणी ज्वलनकक्षात शिरत असण्याचा संभव असतो. तेलाचे झाकण उघडून आतल्या बाजूस दुधाळ, फेसाळ थर दिसतो का हेही पाहावे. दाट थर म्हणजे बहुधा पाणी आणि तेल यांची गाठ पडली आहे. क्लचची परीक्षा चढावर होते : गियर टाकून वेग वाढविला असता इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी त्या मानाने पुढे जात नाही, तर क्लच-प्लेट बदलण्याची वेळ जवळ आली आहे.

अपघात लपविणे सोपे आहे असे लोकांना वाटते. पण लोखंड बोलते. बॉनेट, दरवाजे आणि पुढचे मडगार्ड ज्या बोल्टांनी बसविलेले असतात त्यांच्या डोक्यांवर कारखान्यातला रंग असतो. पान्याने तो रंग उडालेला दिसला की तो भाग कधीतरी काढला गेला आहे. दोन दरवाजांमधील फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का हे उकिडवे बसून पाहावे. नंतर दिलेला रंग उन्हात वेगळा दिसतो. म्हणून गाडी तळघरात किंवा संध्याकाळी पाहूच नये. एखादा खरचटलेला बंपर रंगविणे हा गुन्हा नव्हे. पुढच्या दांड्यांना, म्हणजे इंजिन पेलणाऱ्या सांगाड्याला वेल्डिंग असेल तर मात्र तेथून नमस्कार करून निघावे.

आपल्या भागाच्या दृष्टीने दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या. एक गंज आणि दुसरा पूर. किनारपट्टीवर वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीला खारा वारा खालून खातो. दरवाजांच्या खालच्या कडा, डिकीतील गालिचा उचलून स्टेपनीची जागा, आणि गाडी रॅम्पवर चढवून तिचा तळ पाहिल्याशिवाय कोकणातील गाडीचा भाव ठरवू नये. पुराचे तर विचारूच नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण येथे तेच झाले. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून दुसऱ्या जिल्ह्यात विकणे हा एक धंदाच आहे. ती चालते, पण तिच्या विजेच्या तारांच्या जोडांत ओल राहिलेली असते आणि दोन वर्षांनी एकेक वस्तू बंद पडू लागते. अशी गाडी ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहणे. वरचा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या टोकावर चिखलाची रेघ राहते. आसनाखालच्या रुळांत बारीक गाळ आणि बोल्टांवर गंज असेल तर संशयाला जागाच उरत नाही.

टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी चांगली दिसली तरी सात-आठ वर्षांचे रबर कडक होते, पावसात धरत नाही. चारही टायर नवे घ्यावे लागणार असतील तर तेवढी रक्कम किंमतीतून वजा करण्यास संकोच करू नये. विक्रेत्यालाही हे ठाऊक असते. तो फक्त आपण विचारतो का याची वाट पाहत असतो.

बाहेरून बसविलेले गॅसकिट असेल तर त्याची नोंद आर.सी.वर आहे काय आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाली आहे काय ते पाहावे. दोन्ही नसल्यास विषय संपला. पेट्रोलसंबंधी एक नवी बाब. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनविलेल्या नव्हत्या. आपल्याच शिवारातल्या उसाचे हे इथेनॉल शेतकऱ्याला दोन पैसे देते म्हणून त्याचे स्वागत करावे; पण जुन्या गाडीच्या इंधननळ्या आणि रबरी जोड तपासून घ्यावेत, आणि ॲव्हरेज थोडे कमी धरावे.

हे सगळे आपणांस एकट्याने जमेल असे नाही, आणि म्हणूनच ओळखीचा मेस्त्री सोबत न्यावा. त्याला दिवसाची पुरी मजुरी द्यावी. फुकट आलेला मेस्त्री कधी कधी दलालाकडून आपला वाटा घेऊन जातो. आपण पैसे दिलेला मेस्त्री आपला असतो. दोन लाखांच्या व्यवहारात हजार रुपयांची ही माहिती सर्वांत स्वस्त.

साल कोणते घ्यावे

येथे पैशांपेक्षा मोठी गोष्ट आड येते. २०१४ च्या जानेवारीत 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतातील पाच छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या आदळवून पाहिल्या. त्यांत अल्टो ८००, आय-टेन, नॅनो, फिगो आणि पोलो होत्या. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्या काळातील या गाड्या आज आपल्या अंदाजपत्रकात अगदी चपखल बसतात, हे लक्षात ठेवावे. पुढे नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाके जाम होऊ न देणारी ब्रेक-यंत्रणा आवश्यक झाली, १ जुलै २०१९ पासून चालकासमोर एअरबॅग, आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या आसनासाठीही.

नव्या चालकाच्या दृष्टीने हा फरक थोडा नाही. हात बसलेला नसतो, अंतराचा अंदाज चुकतो, आणि नेमक्या याच वर्षांत मित्र मागे बसून 'अजून जरा दाब' म्हणत असतात. म्हणून २०१५ ची सर्व सुखसोयींची, मोठ्या इंजिनाची, चकचकीत चाकांची गाडी आणि २०१९ च्या उत्तरार्धातील साधी, खिडक्या हाताने फिरवाव्या लागणारी गाडी एकाच किंमतीला मिळत असेल, तर मी दुसरी घेईन. २०१९ पूर्वीची घ्यावीच लागली तर त्या सालातही एअरबॅग असलेल्या वरच्या आवृत्त्या निघत होत्या. त्यांचा शोध घ्यावा. कोणतीही घेतली तरी मागचे आसनपट्टे आसनाच्या खोळीखालून बाहेर काढावेत. आपल्याकडे नव्या खोळी शिवताना ते हमखास आत पुरले जातात.

वर्षाचा हिशेब

गाडीची किंमत हा केवळ पहिला हप्ता. एक उदाहरण मांडतो. आकडे आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदलावेत. दोन लाखांची छोटी पेट्रोल गाडी, वर्षाला सहा हजार किलोमीटर, लिटरला सोळा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर इंधनाचे ३९,३७५ रुपये होतात. एक हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने २,०९४ रुपये आणि त्यावर कर, म्हणजे सुमारे २,४७०. देखभाल-दुरुस्ती सात हजार. टायर पाच वर्षांत आणि बॅटरी चार वर्षांत बदलावी लागेल असे धरून वर्षाचा वाटा सुमारे चार हजार. आणि चार वर्षांनी गाडी एक लाख वीस हजारांना गेली तर किंमतीतील घट वर्षाला वीस हजार. एकूण सुमारे ७३ हजार; महिन्याला सहा हजार, किलोमीटरला बारा रुपये.

हा हिशेब पाहून कोणी गाडी घेण्याचा विचार सोडला तर त्यात वाईट काही नाही. महिन्यातून दोनदा लागणारी गाडी भाड्याने करणे पुष्कळ स्वस्त. रोज लागणार असेल तर मात्र जुन्या गाडीचा एक मोठा गुण ध्यानात घ्यावा. विमा कंपन्यांच्या तक्त्याप्रमाणे गाडीची विमायोग्य किंमत पाच वर्षांत निम्म्यावर येते. ही घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, तरुण चालकाला विम्यासाठी जबर रक्कम मोजावी लागते. आपल्याकडे तृतीय पक्ष विम्याचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो, चालकाच्या वयावर नाही. इंजिन लहान घेण्यात म्हणूनही शहाणपण आहे.

नावावर करणे

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण प्राध्यापकवर्गापैकी जे आपली जुनी गाडी विकण्याच्या विचारात असतील त्यांनी तरी तो वगळू नये. कारण येथील धोका विकणाऱ्याला अधिक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. फॉर्म २९ आणि ३० ते याचसाठी. प्रत्यक्षात अनेकजण कोऱ्या फॉर्मवर सही करून, पैसे घेऊन मोकळे होतात. गाडी या हातातून त्या हातात जाते, आर.सी.वर नाव मूळ मालकाचेच राहते. अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला. गाडी एकापाठोपाठ अनेकांना विकली गेली होती, अपघात झाला तेव्हा ती भलत्याच्याच ताब्यात होती. तरीही नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि नुकसानभरपाईस जबाबदार, असे न्यायालयाने ठरविले.

घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी गाडीचा क्रमांक परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदीत पाहावा. मालकाचा क्रम, नोंदणीची मुदत, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि बँकेचा बोजा तेथे कळतो. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेले ई-चलान विक्रेत्याकडूनच भरून घ्यावे. इंजिन आणि चासीवरचे क्रमांक आर.सी.शी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत, चासीचा क्रमांक घासलेला नसावा. दुसऱ्या राज्यातील गाडी स्वस्त दिसते. दिल्लीत २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविरुद्ध आदेश दिल्यानंतर तिकडच्या गाड्या इतर राज्यांत पुष्कळ आल्या. पण तिचे ना-हरकत पत्र, महाराष्ट्रातील कर आणि नवा क्रमांक यांचा खर्च मिळविला की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

विम्याचेही नाव बदलून घ्यावयाचे असते आणि त्यासाठी चौदा दिवस आहेत. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा मात्र विमा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर नामंजूर होऊ शकतो. 'नो क्लेम बोनस' हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो विक्रेता आपल्या पुढच्या गाडीसाठी घेऊन जातो, म्हणून विम्याचा हप्ता आपल्याला थोडा अधिक येतो. आणि काचेवरचा फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेला असतो. तो त्याच्याकडून बंद करून आपल्या नावाचा लावावा, नाहीतर आपल्या पहिल्याच प्रवासाचा टोल त्याच्या खात्यातून जाईल आणि संध्याकाळी त्याचा फोन येईल.